घरच्या लॅपटॉपवर एआय चित्रं : सुरुवात कुठून करावी?

वाचनवेडी

मंडळी, जाणकारांची मदत हवी आहे. मुलुंडला आमच्या सोसायटीत मीटररूमशेजारच्या खोलीत आम्ही मुलांसाठी छोटंसं वाचनालय चालवतो. या सुट्टीत मुलांनी गोष्टी लिहिल्या, सगळ्या मुंबईच्या. एक कोळीण आजी आहे, ती पापलेटांशी गप्पा मारते. एक डबलडेकर आहे, तिला निवृत्त व्हायचं नाहीये. आणि चाळीतली एक मांजर, जी प्रत्येक मजल्यावर वेगळ्या नावाने जेवते. या गोष्टींची ए-फाइव्ह आकाराची पुस्तिका छापायची आहे. चित्रकाराला द्यायला पैसे नाहीत आणि मी केळं काढलं तर लोकांना होडी वाटते.

भाच्याचा गेमिंगचा लॅपटॉप मिळतोय. ग्राफिक्स कार्ड एन्व्हिडियाचं आरटीएक्स ३०५०, ग्राफिक्स मेमरी ४ जीबी, रॅम १६ जीबी. एवढ्यावर एआयची चित्रं काढता येतील का? कोडिंगचा गंध नाही. यूट्यूबवर बघावं तर सगळे काळ्या खिडकीत काहीतरी टाइप करत बसलेले असतात, ते बघूनच धडकी भरते.

चौथी_सीट

ताई, पुरेल. जेमतेम पुरेल, पण पुरेल.

तुमच्यासाठी फूकस नावाचं एआय चित्रांचं सॉफ्टवेअर. फुकट आहे, मुक्तस्रोत आहे, एकदा उतरवून घेतलं की नेट बंद करूनही चालतं. ज्याने कंट्रोलनेट (चित्राची रचना ताब्यात ठेवायचं तंत्र) बनवलं त्याच माणसाने हे बनवलंय, त्यामुळे कच्चं काम नाही. एन्व्हिडियाचं ४ जीबीचं कार्ड आणि ८ जीबी रॅम ही त्याची किमान अट, तुम्ही त्यात बसता.

एक सांगून ठेवतो. गूगलवर फूकस शोधलंत तर त्या नावाच्या बनावट साइट ढिगाने येतात. त्यातल्या काही पैसे मागतात, काही भलतंच काही उतरवायला लावतात. फक्त गिटहबच्या (प्रोग्रॅमर आपली सॉफ्टवेअरं ठेवतात ती साइट) मूळ पानावरून घ्या. सेव्हन-झिपची, म्हणजे दाबून लहान केलेली, फाइल आहे, ती साध्या फोल्डरमध्ये उलगडा, फोल्डरच्या नावात मराठी अक्षरं किंवा मोकळ्या जागा नकोत. आत 'रन' नावाची बॅट फाइल असेल, तिच्यावर डबल-क्लिक. काळी खिडकी उघडेल, तिला घाबरू नका, तिथे काहीही टाइप करायचं नसतं. पहिल्यांदा ते स्वतःच मॉडेल, म्हणजे चित्रं काढायला शिकवलेली मुख्य फाइल, उतरवतं, साडेसहा-सात जीबीचं. ते रात्री लावून झोपा. मोबाइल हॉटस्पॉटवर अजिबात करू नका. मग ब्राउझरमध्ये आपोआप एक पान उघडतं : वर चित्राची जागा, खाली लिहायची चौकट, बाजूला जनरेटचं बटण. संपलं.

सी ड्राइव्हवर भरपूर जागा मोकळी ठेवा, ४० जीबी तरी. ग्राफिक्स मेमरी कमी पडली की ते रॅम वापरतं, आणि रॅम कमी पडली की डिस्क. तिथेच जागा नसेल तर मधेच मान टाकतं.

वसईचं_केळं

मी ऑटोमॅटिक११११ वापरतो, अशाच कामाचं दुसरं सॉफ्टवेअर. त्यात जास्त मोकळीक आहे.

चौथी_सीट

आहे की. बटणंही जास्त आहेत. ताईंना पुस्तिका काढायची आहे, विमान उडवायचं नाहीये. :) कम्फीयूआय तर आणखी पुढचं, तिथे डबे आणि वायरी जोडत बसायचं. सहा महिन्यांनी त्यांना स्वतःलाच फूकस अपुरं वाटलं तर जातील तिकडे.

गिरगावकर_काका

अहो, पण हे प्रकरण नक्की चालतं कसं? माझा नातू म्हणतो कॉम्प्युटर इंटरनेटवरची चित्रं कापून चिकटवतो. खरं का?

कंपाइलर

काका, कापून चिकटवत नाही. साडेसहा जीबीच्या फाइलमध्ये कोट्यवधी चित्रं मावणारच नाहीत.

शिकवताना असं करतात : एक चित्र आणि त्याखालची ओळ घ्यायची, चित्रात थोडे थोडे ठिपके मिसळायचे, जुन्या दूरदर्शनवर कार्यक्रम संपल्यावर मुंग्या यायच्या तसे. मग मॉडेलला विचारायचं, यातले ठिपके कुठले ते ओळख. हे इतक्या वेळा की शेवटी नुसत्या मुंग्या दिल्या आणि 'मांजर' म्हटलं, तरी ते मुंग्या काढत काढत मांजरापर्यंत पोचतं. तुमच्या प्रत्येक चित्रासाठी हा प्रवास ठरावीक पायऱ्यांत होतो. फूकसमध्ये 'स्पीड' निवडलं तर ३० पायऱ्या, 'क्वालिटी' निवडलं तर ६०.

हे घरच्या कॉम्प्युटरवर जमायला लागलं त्याचं कारण वेगळं आहे. २०२२च्या ऑगस्टमध्ये स्टेबल डिफ्यूजन नावाचं चित्रांचं मॉडेल सर्वांसाठी खुलं झालं. ते मोठ्या चित्रावर काम करतच नाही. १०२४ × १०२४ पिक्सेलच्या चित्राचं आधी १२८ × १२८ चं आटवलेलं रूप घेतं, सगळी झटापट त्यावर, आणि शेवटी एकदाच ते फुलवतं. म्हणून ४ जीबीत भागतं.

आणि सुरुवातीच्या मुंग्या कुठल्या हे एका आकड्यावरून ठरतं, त्याला सीड म्हणतात. सीड, वाक्य आणि सेटिंग तीच ठेवली तर चित्र तेच येतं. नवीन माणसाने हे आधी शिकावं. सीड धरून ठेवायचा, वाक्यात एकच शब्द बदलायचा, काय बदललं ते बघायचं. नाहीतर नुसतीच लॉटरी होते.

गिरगावकर_काका

मुंग्यांवरून कळलं. धन्यवाद.

पावभाजी_प्रेमी

एवढा खटाटोप कशाला? जेमिनीला किंवा चॅटजीपीटीला सरळ मराठीत सांगा, काढून देतंय. २०२५च्या मार्चपासून चॅटजीपीटीचं चित्रांचं काम फारच सुधारलंय, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये गूगलचं चित्रांचं नॅनो बनाना मॉडेल आलं. माझी आई त्यावर स्वतःचे साडीतले फोटो करत होती, तिला कोणी शिकवलं नाही.

चौथी_सीट

मान्य. एक-दोन चित्रं हवी असतील तर तेच करावं, मीही तेच सांगेन. पण फुकटात दिवसाला ठरावीकच चित्रं मिळतात, नको तिथे अडतं. आणि ताईंच्या कामात मुलांचे फोटो, मुलांची चित्रं असणार. ती दुसऱ्याच्या सर्व्हरवर चढवायची की नाही हे पालकांना विचारून ठरवावं लागेल. घरच्या लॅपटॉपवर तो प्रश्नच उद्भवत नाही.

वाचनवेडी

धागा वर काढतेय. चालू झालं! भाचा शेजारी बसला होता, पण त्याला काही करावं लागलं नाही. एका चित्राला दोन-एक मिनिटं लागतात, पंखा असा घोंघावतो की सासूबाई येऊन बघून गेल्या.

आता रडगाणं. कोळीण आजी मागितली : 'ओल्ड कोळी फिशरवूमन, मुंबई, सेलिंग फिश'. आली ती डोक्यावरून पदर घेतलेली, घागऱ्यासारखं काहीतरी नेसलेली, गळ्यात चांदीचे दागिने. राजस्थानची वाटते. पाटीत मासे आहेत, पण सगळे सॅमन. डबलडेकर मागितली तर लंडनची आली, मागे पावसाळी आभाळ आणि घड्याळाचा मनोरा. वडापाव म्हटलं तर तिळाचा बर्गर, आत कोशिंबीर. मुलं हसून हसून लोळली, पण छापणार काय?

कंपाइलर

यात तुमच्या वाक्याचा दोष कमी आहे. ज्या लायन-५बी नावाच्या साठ्यातून अशा मॉडेलांना शिकवलं त्यात ५८५ कोटी चित्र-मजकूर जोड्या होत्या, आणि त्यातल्या २३२ कोटी इंग्रजी मजकुराच्या. मजकूर म्हणजे वेबवर चित्राखाली जे लिहिलेलं असतं तेच. आता वेबवर इंग्रजीत 'इंडियन वूमन' लिहून कुठले फोटो टाकले जातात? पर्यटकांनी काढलेले. काष्टा घातलेल्या वेसाव्याच्या बाईच्या फोटोखाली 'काष्टा' कोण लिहितंय? मॉडेलने बघितलंच नाही, तर नाव घेऊन उपयोग काय.

म्हणून नाव सोडा, दिसतं ते लिहा. 'कोळी' ऐवजी : साठीची बाई, गुडघ्यापर्यंत घट्ट नेसलेली फुलाफुलांची साडी, पायांच्या मधून मागे खोचलेली, डोकं उघडं, अंबाड्यात अबोलीचा गजरा, हिरव्या काचेच्या बांगड्या, प्लॅस्टिकच्या घमेल्यात चपटे रुपेरी मासे. हे सगळं इंग्रजीत, कारण याला मराठी कळत नाही. आणि नको असलेलं 'निगेटिव्ह प्रॉम्प्ट'च्या चौकटीत : डोक्यावरचा पदर, घागरा, चांदी.

निम्मं जमेल. पायांच्या मधून नेसलेली साडी ते कधी पायजमा करेल, कधी धोतर.

चौथी_सीट

उरलेलं निम्मं शब्दांनी होणार नाही, ताई. फोटो द्या.

आपल्याकडच्या नवशिक्याने हेच आधी शिकावं असं माझं ठाम मत आहे. प्रॉम्प्ट, म्हणजे मागणीचं वाक्य, कसा लिहावा याच्या यूट्यूबवरच्या शाळा न्यूयॉर्कचा कॅफे काढायला ठीक आहेत. परळची चाळ काढायची तर मॉडेलला चाळ दाखवावी लागते.

फूकसमध्ये खाली 'इनपुट इमेज'वर टिचकी मारा, 'इमेज प्रॉम्प्ट'चा टॅब उघडा. चार फोटोंची जागा दिसेल. त्याखालच्या 'अॅडव्हान्स्ड'वर टिचकी मारली की प्रत्येक फोटोखाली पर्याय येतात. नुसतं 'इमेज प्रॉम्प्ट' ठेवलं तर फोटोचा एकंदर भाव, रंग, वस्तू उचलतं. 'पायराकॅनी' निवडलं तर फोटोतल्या रेषा पकडतं, म्हणजे काठ, घड्या, कठडे, जिने. साडीची नेसण रेषांत असते, म्हणून कोळीण आजीला पायराकॅनी. 'सीपीडीएस' उजेड-सावलीवरून रचना पकडतं, चाळीच्या लांबलचक गॅलरीला ते बरं पडतं.

तिथे दोन पट्ट्या आहेत. 'वेट' म्हणजे फोटोचं किती ऐकायचं. 'स्टॉप अॅट' म्हणजे कुठल्या पायरीपर्यंत ऐकायचं. तो आधीच ०.५ वर असतो, म्हणजे अर्ध्या पायऱ्या फोटोच्या धाकात आणि पुढच्या अर्ध्या मोकळ्या. साडी परत घागरा व्हायला लागली की ०.७-०.८ करा. चित्र अगदी फोटोची नक्कल वाटायला लागलं की खाली आणा.

फोटो मात्र स्वतः काढलेला वापरा. बाजारात बाईंना विचारून काढा, मासे घेतल्यावर विचारलंत तर नाही म्हणणार नाहीत.

वसईचं_केळं

+१. आणि उजवीकडे 'स्टाइल्स'मध्ये जाऊन आधीपासून टिक असलेल्या फूकस व्ही२, एन्हान्स, शार्प या तिन्हींच्या टिका काढा. त्या असल्या की सगळं सिनेमाच्या पोस्टरसारखं चकचकीत येतं. फूकस व्ही२ तर तुमच्या वाक्यात स्वतःच्या मनाचे शब्द घुसडतं. मुलांच्या पुस्तकाला 'आर्टस्टाइल वॉटरकलर' करून बघा.

शिसपेन्सिल

बराच वेळ नुसती वाचत होते, आता राहवत नाही. जेजेतून शिकून मुलांच्या पुस्तकांची चित्रं काढते, त्यामुळे माझं मत एकांगी आहे हे आधीच सांगते.

त्या ५८५ कोटींत आमचीही कामं आहेत आणि कोणी विचारलं नव्हतं. २०२३च्या जानेवारीत अमेरिकेतल्या चित्रकारांनी याच मुद्द्यावर कोर्टात धाव घेतली, गेटी इमेजेसनेही दावा लावला. धाग्यावर अवाक्षर नाही. सगळे पट्ट्या किती सरकवायच्या यात मग्न.

दुसरं म्हणजे, आठ-दहा वर्षांच्या मुलांनी गोष्टी लिहिल्या आणि चित्रं मशीन काढणार? मुलांना कागद द्या ना! त्यांना केळ्याची होडी झाली तरी चालते.

पावभाजी_प्रेमी

रवि वर्म्याने १८९४ मध्ये मुंबईत छापखाना टाकला तेव्हाही लोक हेच म्हणाले असतील.

शिसपेन्सिल

त्या छापखान्यात रवि वर्मांचीच चित्रं छापली जात होती. स्वतःची. फरक कळतोय का?

पावभाजी_प्रेमी

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे).

वाचनवेडी

शिसपेन्सिल, तुमचं पटलं, म्हणजे दुसरं तर लगेच पटलं. पण मुलांना विचारलं तर ती म्हणतात आमची चित्रं 'खऱ्या पुस्तकासारखी' दिसत नाहीत. मांजराची गोष्ट लिहिणारी मुलगी तर चित्र काढून लपवून ठेवते.

शिसपेन्सिल

तेच तर. आता 'खऱ्या पुस्तकासारखं' म्हणजे काय हे तिला मशीन शिकवणार.

बरं, भांडत नाही. मधला मार्ग सांगते, तोही नाखुशीने. पात्रं मुलांनी काढायची : मांजर, आजी, बस. काळ्या स्केचपेनने, जाड रेषेत. एआयकडून फक्त मागचं करून घ्या, म्हणजे चाळ, बाजार, रस्ता. मुलांची रेषा स्कॅन करून पांढरा भाग पारदर्शक करा आणि वर बसवा, क्रिटा किंवा गिंपमध्ये होतं, दोन्ही फुकट. मागचं फिकट ठेवा, म्हणजे मुलांची रेषा उठून दिसेल. आणि कृपा करून प्रॉम्प्टमध्ये कुठल्याही हयात चित्रकाराचं नाव टाकू नका.

चौथी_सीट

ही कल्पना माझ्यापेक्षा चांगली आहे. शिवाय यात एक फायदा आहे जो शिसपेन्सिल यांनी सांगितला नाही : एकच मांजर पानापानावर सारखं काढणं या मॉडेलांना जमत नाही. पहिल्या पानावर भुरी, तिसऱ्यावर पट्ट्यांची, पाचव्यावर शेपूटच दोन. पात्रं मुलांच्या हातची असली की ती भानगडच मिटली. हातांची सहा बोटंही मिटली.

वाचनवेडी

मुलांना सांगितलं. मांजरवालीने मांजर दिलं! कान एवढे मोठे की चाळीच्या वर जातायत. मागे माझ्या मावसबहिणीच्या लालबागच्या चाळीचा फोटो सीपीडीएसने घातला आणि जलरंग केला. गॅलरीतले लाकडी कठडे, वाळत घातलेले कपडे, कोपऱ्यातलं पाण्याचं पिंप, सगळं जागच्या जागी आलं. फक्त एका दाराबाहेर मशीनने नाताळाचं तोरण लावलंय, ते काढायचं कसं?

चौथी_सीट

'इनपेंट ऑर आउटपेंट' टॅब. चित्र तिथे टाका, तोरणावर ब्रश फिरवा, जरा बाहेरपर्यंत फिरवा, आणि वाक्यात 'प्लेन वुडन डोअर'. बाकीचं चित्र तसंच राहतं, तेवढाच तुकडा नव्याने होतो.

गिरगावकर_काका

राहू दे की तोरण. आमच्या गिरगावात खोताच्या वाडीत असतं.

वाचनवेडी

:) ठेवलं.

डबलडेकरवाला मुलगा मात्र हटून बसलाय. त्याला जुनीच हवी, एसीवाली नको. २०२३च्या सप्टेंबरमध्ये शेवटची जुनी बस निघाली तेव्हा तो बाबांबरोबर बघायला गेला होता. त्याने बस काढलीय, छान काढलीय. फक्त बसवर पुढे 'बेस्ट' आणि बसनंबर एआयने लिहावा म्हणतो. लिहायला सांगितलं तर जे येतंय ते मोडीतही नाही आणि देवनागरीतही नाही.

कंपाइलर

एसडीएक्सएलला, म्हणजे फूकसच्या आतल्या मॉडेलला, इंग्रजीच धड लिहिता येत नाही, देवनागरीचं नावच सोडा. त्याला अक्षर हे अक्षर म्हणून माहीत नाही, काळ्या रेघांचा आकार म्हणून माहीत आहे. वेलांटी कुठे, मात्रा कुठे, कशाला पत्ता नाही. मजकूर कधीही चित्रात मागू नका, शेवटी वरून टाका. इंकस्केपमध्ये किंवा कॅनव्हामध्ये. फाँटसाठी बाहेर जायची गरज नाही : मुक्त आणि बालू हे दोन्ही आपल्या मुंबईच्या एक टाइपचे आहेत, गूगल फाँट्सवर फुकट. मथळ्याला बालू, मजकुराला मुक्त. आणि बसच्या पाटीला त्या मुलाच्याच हाताने लिहून घ्या.

शिसपेन्सिल

शेवटच्या वाक्याला +१००.

लोकल_डाऊन_स्लो

अवांतर : माझ्याकडे जीटीएक्स १६५० आहे, तीही ४ जीबीच. दुसऱ्या एका सॉफ्टवेअरमध्ये नुसती काळी चौकट येते. कार्ड बदलू का? लॅमिंग्टन रोडला जायची तयारी आहे.

चौथी_सीट

१६ मालिकेच्या कार्डांची ही जुनी खोड आहे, अर्ध्या अचूकतेचं गणित त्यांना झेपत नाही. ऑटोमॅटिक११११ असेल तर सुरू करतानाच्या ओळीत 'नो-हाफ'चा पर्याय टाका, चित्र दिसायला लागेल, पण मेमरी जास्त खाईल आणि ४ जीबीत कण्हेल. आधी तेच करून बघा.

घ्यायचंच असेल तर वेगापेक्षा मेमरी बघा. आरटीएक्स ३०६० चं १२ जीबीचं कार्ड त्याहून वेगवान पण ८ जीबीच्या कार्डापेक्षा या कामाला सोयीचं. जुनं घेत असाल तर दुकानात लावून, चालवून, पंखे फिरताना बघून घ्या. आणि आधी घरी डबा उघडून पॉवर सप्लाय किती वॅटचा आहे ते वाचून जा, नाहीतर दुकानदार तोही गळ्यात मारतो.

वसईचं_केळं

फ्लक्स हे नवं मॉडेल चालवायचं मनात असेल तर मेमरी लागेलच. २०२४च्या ऑगस्टमध्ये आलं, १२०० कोटी पॅरामीटर, म्हणजे शिकताना ठरलेले आतले आकडे. वाक्य फार नीट समजतं, पण फूकसमध्ये चालत नाही. फोर्ज किंवा कम्फीयूआय ही दुसरी सॉफ्टवेअरं लागतील. आणि त्याच्या 'डेव्ह' आवृत्तीचा परवाना धंद्यासाठी नाही, 'श्नेल'चा मोकळा आहे, ते वाचूनच वापरा.

वाचनवेडी

आता शेवटची अडचण. छापखानेवाले म्हणतात ३०० डीपीआय द्या, म्हणजे इंचाला ३०० ठिपके. माझी चित्रं ८९६ × ११५२ आहेत. चालतील का?

शिसपेन्सिल

ए-फाइव्हला ३०० डीपीआयने १७४८ × २४८० लागतात. फूकसमध्ये 'अपस्केल ऑर व्हेरिएशन'मध्ये 'अपस्केल २एक्स' करा, १७९२ × २३०४ मिळेल. रुंदी पुरते, उंची थोडी कमी पडते, म्हणून चित्र पूर्ण पानभर न घेता खाली मजकुराला पट्टी सोडा. मुलांची रेषा मात्र मोठ्या केलेल्या चित्रावर मागाहून बसवा, आधी बसवून मोठं केलंत तर मशीन तिच्यात सुधारणा करत बसेल. रेषा ६०० डीपीआयवर स्कॅन करा.

रंग पडद्यावर दिसतात तसे कागदावर येत नाहीत. भडक निळा आणि पोपटी हमखास मरतात. एका पानाची नमुना प्रत काढून घ्या, मगच बाकीची छापायला सांगा. आणि कागद आर्टपेपर नको म्हणा, चकाकतो. मॅपलिथो घ्या.

वाचनवेडी

मॅपलिथो किती जीएसएमचा, म्हणजे किती वजनाचा, सांगू?

शिसपेन्सिल

आतली पानं १०० चालतील. मागचं पुढे दिसायला नको असेल तर १२०. पहिल्या पानावर चित्रकार म्हणून मुलांची नावं घाला, आणि खाली बारीक अक्षरांत 'पार्श्वभूमी एआयच्या मदतीने' असंही लिहा. एक प्रत मला ठेवा, दादरला येऊन घेईन.